स्कॉलरशिप बसते का?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकच विचारलंस, "काका, मला स्कॉलरशिप बसते का?" मी नुसतं "बघू" म्हटलं. तुला वाटलं असेल, काका टाळतोय. तसं नव्हे गं. कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपच्या टेबलावर एकवीस वर्षं काढली की या प्रश्नाला पटकन हो म्हणायला जीभ धजत नाही. तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. भुदरगडातलं तीन एकर रान, त्यात निम्मा ऊस, गोठ्यात दोन म्हशी. पण महाडीबीटीला, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलला, परिस्थिती कळत नाही, दाखले कळतात. आणि दाखल्यांच्याही आधी तू कुठल्या दारानं आत आलीस ते कळतं.

ते दार म्हणजे कॅप राउंड. इंजिनीअरिंगची सीट सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळाली असेल तरच फीची सवलत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीस, की घरचं उत्पन्न लाखाच्या आत असलं तरी अर्ज बाद. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही. तिथली माहितीपुस्तिका कितीही गुळगुळीत असू दे.

यावर एक जुनी गोष्ट सांगतो, माझ्याच चुकीची. कागलकडचा एक पोरगा जुलैत खिडकीवर आला होता. स्कॉलरशिपचं विचारायला लागला. रांग मारुतीच्या शेपटीसारखी, मी वर न बघताच म्हटलं, "आधी ॲडमिशन घे, मग ये." त्यानं ऐकलं. कॅपमध्ये मिळालेलं कॉलेज लांबचं होतं म्हणून सोडलं आणि कोट्यातून सीट घेतली. दिवाळीच्या आधी तो वडिलांना घेऊन टेबलापाशी आला. फाइल इतकी नीटस, की प्रत्येक झेरॉक्सवर स्वतः सही केलेली. वडिलांच्या हातात ऊसबिलाचं पासबुक. उत्पन्नाचा दाखला नव्वद हजारांचा. सगळं होतं, फक्त प्रवेश चुकीच्या दारानं झालेला. ती फाइल मी परत दिली तेव्हा वडील "बरं साहेब" एवढंच म्हणाले. म्हणून सांगतो, शेवटच्या राउंडनंतर कुणी एजंट "स्कॉलरशिपचं नंतर बघू" म्हणाला, तर तिथून उठून ये.

आता तुझं. तू एसईबीसीतून, म्हणजे मराठा आरक्षणाच्या गटातून, फॉर्म भरलायस. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी निम्मी होती. मुलांना अजून निम्मीच, त्यामुळे धाकट्या भावाच्या वेळी हिशेब वेगळा मांडावा लागेल, हे वडिलांच्या, आबांच्या कानावर आत्ताच घाल.

पण "पूर्ण माफ" ऐकून घरात पेढे वाटू नका. माफ होतात त्या या दोनच फिया. खोली, मेस, एसटीचा पास, ड्रॉइंगचं सामान हे सगळं आपलं आपण. आपल्या शाहू महाराजांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. खेड्यातल्या पोराची खरी अडचण राहण्या-जेवणाची असते, फी त्यानंतर. दसरा चौकातून जाशील तेव्हा ती बोर्डिंगं बघ.

त्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. तीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकांत आरामात बसता. गोम एकच. सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे ना? मग आबांच्या नावानं दाखला निघणार कसा? वारसनोंद करायला तलाठ्याकडे उद्याच्या उद्या पाठव. नोटीस, हरकतीची मुदत, मग फेरफार, यात दिवस कसे जातात कळत नाही, आणि ऐन प्रवेशात तलाठी गावात सापडत नाही.

नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला यावरची मुदत वाच. ३१ मार्चला संपलेला दाखला जूनमध्ये अपलोड करणारे दरवर्षी डझनभर तरी भेटायचे. जातवैधतेचं काम राहिलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी.

आणि बँक. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर येत नाहीत. आधारशी जे खातं शेवटचं जोडलं गेलं, त्यावर येतात. एका पोरीचा हप्ता सहा महिने सापडेना. शेवटी कळलं, सिमकार्ड घेताना मोबाइलच्या दुकानदारानं अंगठा घेऊन परस्पर एक खातं उघडलं होतं, पैसे तिथं झोपले होते. तेव्हा बँकेत जाऊन "आधार कुठल्या खात्याला मॅप आहे" असं स्पष्ट विचार. पासबुकावर आधार नंबर छापलाय म्हणजे जोडलाय असं नसतं.

बारावीला तू बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलीस तर केंद्राची १२,००० रुपये वर्षाला देणारी शिष्यवृत्तीही आहे, उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. मात्र ती घेतली की राज्याची फीमाफी घेता येत नाही. तुझ्या बाबतीत फीमाफीच जड भरेल. मैत्रिणीला बीएस्सीला जायचंय म्हणालीस, तो काही व्यावसायिक अभ्यासक्रम नव्हे, तेव्हा तिला मात्र हे सांग.

रविवारी दुपारी घरी ये. दहावीचं मार्कलिस्ट, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला, तिन्ही मूळ कागद आण. आबांचं नाव तिन्हीकडे एकसारखं आहे का ते आपण शेजारी शेजारी ठेवून बघू. मला आठवतं त्याप्रमाणे शाळेत "राव" लावलेलं आहे आणि आधारवर नाही.

तुझा,
काका