भंडारदरा जलाशयाभोवती ग्रॅव्हल सायकलवर (दिसायला रोड बाइकसारखी, पण खडीसाठी टायर जरा रुंद) पूर्ण चक्कर एका दिवसात होते का? ४० एमएम टायर पुरेल, की एमटीबीच (माउंटन बाइक) घ्यावी?

होते, आरामात होते. शेंडीहून निघायचं, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडीला यायचं. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरतं. सकाळी सहाला निघालात तर मध्ये अमृतेश्वराच्या देवळात अर्धा तास बसूनही जेवायला शेंडीत. उत्तर इथेच संपवणार होतो, पण तुम्ही शेवटी ‘की एमटीबीच घ्यावी’ असं लिहिलंत आणि माझी जुनी खपली काढलीत.

माझा मेहुणा एमटीबीवाला आहे. २९ इंची चाकं, पुढे सस्पेन्शन, २.२ इंची टायर. त्याच्या मते ग्रॅव्हल बाइक म्हणजे ज्यांना रोड बाइकचा वेग झेपत नाही आणि एमटीबीचं धाडस होत नाही त्यांच्यासाठी कंपन्यांनी काढलेली सोय. हे त्याने मला लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्याच्या घाटावर ऐकवलेलं आहे.

तो एकदा मे महिन्यात भंडारदऱ्याला जाऊन आला आणि ग्रुपवर ट्रॅक, म्हणजे फोनने नोंदलेली वाटेची रेषा, टाकला. कोलटेंभ्याच्या बाजूला डांबरी सोडून सरळ खाली उतरायचं आणि पाण्याच्या कडेकडेने रतनवाडीकडे जायचं. फोटो झकास होते. भेगाळलेली टणक जमीन, सिमेंट ओतल्यासारखी, आणि मागे रतनगडाचं नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक. मी नाशिकचा, घोटी-बारीवरून शेंडी काही लांब नाही. गेलो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. एकटाच.

कोलटेंभ्यापर्यंत स्वर्ग. थंडी, हिरड्या-जांभळांची सावली, रस्त्यावर आमच्याखेरीज कुणी नाही (आमच्या म्हणजे मी आणि एक शेकरू). मग डावी-उजवी न बघता फोनमधली रेषा पकडून खाली उतरलो. सुरुवातीला गाळपेरीची, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेली, वावरं लागली, हरभरा उभा होता. बांधावरून सायकल चालवत पुढे गेलो. पुढे बघतो तर फोनमध्ये मी बरोब्बर रेषेवर, आणि रेषा समोर पाण्यात शिरलेली. साधारण दोनशे मीटर आत जाऊन ती पलीकडच्या उंचवट्यावर बाहेर निघत होती.

शहाणा माणूस इथून मागे फिरला असता. मी पाण्याला वळसा घालून जायचं ठरवलं. जमीन वरून वाळलेली, राखाडी, पायाखाली बरी वाटत होती. वीसेक मीटर गेलो असेन. वरून पापडी आणि आतून खरवस. पुढचं चाक शांतपणे आत गेलं आणि मी हँडलवरून गाळात. लागलं काही नाही, उठलो, सायकल ओढली. प्रत्येक फेऱ्याला चाक जाड होत होतं. गाळ टायरला चिकटतो, फ्रेमच्या फटीत दाटतो आणि मग चाक फिरणं बंद. तरी मी जोर लावून ढकलली. मागून कट् असा आवाज आला. चिखल आणि धसकटं मिळून डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये ओढला गेला होता आणि त्याला फ्रेमशी धरणारा हँगर तुटला होता.

शेळ्या घेऊन एक आजोबा वरच्या बांधावर उभे होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. खाली आले, बरोब्बर टणक जागांवर पाय ठेवत, धोतराला डाग नाही. निरगुडीची काठी मोडून विळ्याने तिला टोक काढलं आणि फ्रेममधला गाळ खरवडायला लागले. मधेच म्हणाले, “चाक काढा की बाजूला.” चाक काढायला ६ एमएमची एलन की लागते आणि ती शेंडीला गाडीत होती. हे त्यांना सांगताना जी लाज वाटली तेवढी दहावीच्या निकालाला वाटली नव्हती. मी फोन दाखवला, हा बघा रस्ता म्हटलं. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. “वैशाखाची वाट माघात कशी घावंल, पाव्हणं?” एवढंच बोलले आणि सायकलचं मागचं टोक उचलून चालायला लागले.

रतनवाडीपर्यंत ढकलत आणि तिथून दुधाच्या कॅनबरोबर पिकअपमध्ये शेंडी. पिकअपवाल्याने दोनशे रुपये घेतले आणि गाळ पडला म्हणून हौदा माझ्याकडून धुवून घेतला, जे रास्तच होतं.

आता मेहुण्याचं म्हणणं ऐका. “दाजी, एमटीबी असती तर निघाला असता.” आजही हेच. माझं म्हणणं असं की चिखलाला टायरची रुंदी कळत नाही, टायर आणि फ्रेममधली फट कळते. त्याच्या सायकलीत ती फट माझ्याइतकीच आहे, मी पट्टी लावून मोजली आहे. पाच-सहा मिलिमीटर. उलट त्याचा टायर जाड, खाचा खोल, म्हणजे गाळ जास्त उचलणार. तो मेमध्ये पार झाला कारण तेव्हा तिथे रस्ता होता. मी गेलो तेव्हा तिथे धरण होतं.

आणि हाच मुद्दा इथे ट्रॅक मागणाऱ्या कुणालाच पटत नाही. भंडारदऱ्याला आपण तळं म्हणतो, पण ते १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणाचं पाणी आहे, ११ टीएमसी. पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं, मग प्रवरेखालच्या शेतीला रब्बीचं आवर्तन सुटतं, उन्हाळ्याचं सुटतं, आणि काठ आठवड्या-आठवड्याला आत सरकतो. काठावरून काढलेली रेषा त्या महिन्यापुरती खरी. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘लेकसाइड ग्रॅव्हल’ म्हणून फाइल पाठवली तर पहिलं विचारा, कोणत्या महिन्यातली? सायकल कोणती होती ते नंतर.

वरचा रिंगरोड बहुतेक डांबरीच आहे, हेही ऐकून ठेवा. परदेशी व्हिडिओत दिसते तशी जंगलातली गुळगुळीत बारीक खडी इथे शोधू नका. उखडलेलं डांबर, सुटी खडी, मधेच मुरूम, मधेच नवा कोरा तुकडा, आणि दर पावसाळ्यानंतर सगळं नव्याने. चढ छोटे पण संपत नाहीत. माझं म्हणाल तर ग्रॅव्हल बाइकसाठी याहून चांगला रस्ता नाही, कारण रोड बाइक इथे मार खाते आणि एमटीबी डांबरीवर जीव काढते. मेहुणा घाटघरला माझ्यामागे वीस मिनिटांनी पोचला होता, हे त्याच्या कोणत्याही फोटोत नाही. घाटघरला कोकणकड्यावर थांबा. साम्रदला अलंग-मदन-कुलंग हे गड समोर दिसतात, तिथेही.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर जा. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी गाड्यांची रांग लागते, तेव्हा शनिवार-रविवारी तर अजिबात नको. रात्री कुठल्याच महिन्यात नको, बिबट्या आहे. भर पावसात मी गेलो आहे, पण घाटघरचा पाऊस काय असतो हे माहीत असल्याशिवाय जाऊ नका. साम्रद-रतनवाडी पट्ट्यात फोनच्या रेंजचा भरवसा नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. नाक्यावर पावती फाडतात, ती जपून ठेवा, आणि रस्ता सोडून जंगलात चाकं घालू नका. गाळपेरीच्या वावरातही नाही. मी घातली होती, बांधावरून का होईना, आणि तो हरभरा त्या आजोबांचाच असावा असा मला दाट संशय आहे. ते काही बोलले नाहीत.

टायरचं राहिलंच. ४० पुरतो. ट्यूबलेस करून घ्या, मी ७४ किलोचा आहे, मागे ३८ आणि पुढे ३५ पीएसआय हवा ठेवतो. जास्तीचा हँगर तुमच्याच मॉडेलचा मागवून ठेवा, शेंडीत काय, नाशकातही ऐनवेळी मिळत नाही. आणि ६ एमएमची चावी गाडीत ठेवू नका.