पगार जास्त म्हणून लेकीला मेडिकेड मिळणारच नाही का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही जॉर्जियात अटलांटाजवळ राहतो. मुलगी ४ वर्षांची आहे, तिला पोटातल्या नळीने फीड द्यावं लागतं आणि फिट्स पण येतात, त्यामुळे मिसेसने नोकरी सोडली. माझ्या कंपनीचा इन्शुरन्स आहे पण थेरपीच्या व्हिजिट्स वर्षाच्या मध्येच संपतात, मग सगळं खिशातून. एसएसआयला, म्हणजे अपंगांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीला, अर्ज केला तर आईवडिलांचं उत्पन्न जास्त म्हणून नाही म्हणाले. मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, तर गरिबांसाठीच असतो ना? मी एच-वन-बीवर आहे, मुलगी इथेच जन्मली. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो तुमच्याच राज्यात आहे. केटी बेकेट मेडिकेड म्हणतात त्याला. यात तुमचा पगार बघतच नाहीत, फक्त मुलीच्या स्वतःच्या नावावर काय आहे ते बघतात.

हे नाव कुठून आलं ते सांगते, म्हणजे नियम आपोआप कळेल. केटी आयोवातली मुलगी, १९७८ची. काही महिन्यांची असताना मेंदूला संसर्ग झाला आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. हॉस्पिटलात होती तोवर मेडिकेड खर्च देत होतं, पण घरी नेली की आईवडिलांचं उत्पन्न मोजणार आणि मेडिकेड बंद होणार, घरी खर्च कितीतरी कमी असूनसुद्धा! १९८१च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीरपणे तिचा विषय काढला, तिच्यासाठी नियम बाजूला ठेवला गेला, आणि १९८२ला कायदाच झाला की राज्यांना हवं तर अशा मुलांना घरी राहूनही मेडिकेड देता येईल. ‘हवं तर’ हे लक्षात ठेवा, कारण सगळ्या राज्यांत हे नाही. उद्या नोकरी बदलून टेक्ससला वगैरे जायचा विचार आला तर आधी तिथली चौकशी करा, तिथे वेव्हरच्या, म्हणजे नेहमीचे नियम बाजूला ठेवून घरी सेवा देणाऱ्या मेडिकेड योजनेच्या, यादीत वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि इथलं मेडिकेड काही बरोबर येत नाही.

आता पात्रता. वय १९च्या आत, सोशल सिक्युरिटीच्या (एसएसआय बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) व्याख्येप्रमाणे अपंगत्व, घरी ठेवणं योग्य आहे असं डॉक्टरांचं मत, आणि घरचा खर्च संस्थेतल्या खर्चापेक्षा जास्त नको. एसएसआयचं नकारपत्र जपून ठेवा, ते तुमच्या उत्पन्नामुळे आलंय, मुलीच्या आजाराबद्दल त्यात काही निकाल नाही. तिच्या नावावर बँकेत २,००० डॉलरपेक्षा जास्त नकोत. बारशाला आजीआजोबांनी दिलेले पैसे तिच्या खात्यात पडून असतील तर आजच बघा, एबल अकाऊंट, म्हणजे अपंग व्यक्तीसाठीचं खास बचत खातं, त्यातले पैसे मेडिकेड मोजत नाही, त्याची माहिती घ्या.

खरी अडचण येते ती लेव्हल ऑफ केअरला. म्हणजे मूल घरी नसतं तर हॉस्पिटलात, नर्सिंग होममध्ये किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी केंद्रात ठेवावं लागलं असतं, इतकी काळजी त्याला लागते का. जॉर्जियात यासाठी डॉक्टर डीएमए-६ए नावाचा फॉर्म भरतात. आणि इथे आपण आईबाप चुकतो. माझ्या लेकाच्या वेळी मी अगदी अभिमानाने लिहिलं होतं की खूप छान प्रगती आहे, आता रात्री एकदाच उठावं लागतं. नकार आला. दुसऱ्यांदा मी एका रात्रीचा हिशोबच लिहिला, दीडला पंपाचा अलार्म, नळीत गुठळी, ती फ्लश केली, अडीचला उलटी, कुशीवर वळवून तोंड साफ केलं, चारला फिट, किती सेकंद ते घड्याळात बघून, मग सहापर्यंत छातीवर हात ठेवून बसले. काहीही वाढवून लिहिलं नव्हतं हो, फक्त लपवलं नव्हतं. तुम्हीही मिसेसना १४ दिवसांची वही लिहायला सांगा, वाईट दिवसांसकट, आणि डॉक्टरांकडे ती वही घेऊन जा, कारण १५ मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये त्यांना तुमची रात्र कशी कळणार?

कंपनीचा इन्शुरन्स मात्र सोडू नका. आधी तो भरतो, उरलेलं मेडिकेड बघतं. आणि २१ वर्षांखालच्या मुलांना गरजेची ट्रीटमेंट द्यायचीच असा मेडिकेडचा केंद्रीय नियम आहे, त्यामुळे थेरपी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे असं दाखवता आलं तर ‘व्हिजिट्स संपल्या’ एवढं कारण पुरत नाही.

व्हिसाचं म्हणाल तर मुलगी नागरिक आहे, हक्क तिचा आहे, तुमचा एच-वन-बी आड येत नाही. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते म्हणून अर्जच करत नाहीत, आणि हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. हे नियम बदलत असतात, तेव्हा व्हॉट्सअॅपवर विचारत बसण्यापेक्षा एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या.

अपंगत्वावरच्या अर्जाचा निर्णय साधारण ९० दिवसांत यायला हवा. नकार आलाच तर रडत बसायच्या आधी पत्रावरची अपीलची तारीख बघा, सुनावणी मागायचा हक्क तुम्हाला आहे. मंजूर झालं तरी दरवर्षी पुन्हा तपासणी असते, म्हणून ती वही बंद करू नका.