कजाग फक्त बाईच का असते?

प्रश्न असा आलाय: "सासू कजाग असते, शेजारीण कजाग असते, पण कजाग सासरा कधी ऐकला नाही. हा शब्द कज्जावरून आलाय का? आणि बायकाच जास्त भांडतात म्हणून तो त्यांना चिकटला का?"

आधी व्याकरणाचं उरकून घेऊ. कजाग हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही, गरीब, तापट, हुशार ह्यांच्यासारखंच, त्यामुळे "कजाग माणूस" म्हणायला काहीच आडकाठी नाही. खटकतं ते आपल्या कानाला.

कज्जा हा वेगळा, अरबीतून आलेला, वाद-खटला अशा अर्थाचा. कजागचं मूळ तुर्की 'कझाक', तोच फारसी-उर्दूत कज्जाक, म्हणजे घोड्यावरून येऊन लूट करून पसार होणारा गडी. रशियातले कोसॅक आणि कझाकस्तानातले कझाक ही नावंही ह्याच शब्दाची. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना 'कजाकी लढाई' माहीत असेल, चपळ घोडदळाने छापे घालायचे, रसद तोडायची आणि समोरासमोर सापडायचं नाही. म्हणजे बघा, हातात भाला घेतलेल्या पुरुषाचा हा शब्द, आणि तो येऊन बसला कुठे तर नळावर भांडणाऱ्या बाईवर! उच्चार कज्जाच्या जवळचा असल्यामुळे अर्थ लुटीकडून भांडणाकडे सरकला असावा असं मला वाटतं. इंग्रजीत 'श्रू'चं असंच झालं, आधी दुष्ट पुरुषालाही म्हणायचे, नंतर तो फक्त तोंडाळ बाईचा शब्द झाला. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चं वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी मराठी रूपांतर केलं त्याचं नाव 'त्राटिका', म्हणजे रामायणातली राक्षसीण.

आता मला खरं बोलायचंय ते इथे. रागावलेल्या पुरुषाला आपण काय म्हणतो? जमदग्नी, दुर्वास. दोघेही ऋषी, म्हणजे राग आहे पण त्यामागे तप आहे, अधिकार आहे. आणि बाईला? त्राटिका, कैदाशीण, हडळ, जखीण. पुरुषांसाठी आग्यावेताळ आहे आणि बाईसाठी रणचंडी आहे हे मान्य, पण रोजच्या बोलण्यात माप कुठे झुकतं ते तुम्हीच घरात कान देऊन ऐका. पुरुष तापट, करारी, कडक शिस्तीचा. तीच गोष्ट बाईने केली की कजाग, खाष्ट, जहांबाज.

आमच्याच घरातलं सांगते. आजोबा जमदग्नी म्हणून ओळखले जायचे, आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जायचं, मग आजी खाली बसून फडक्याने भात गोळा करायची आणि दुसरं ताट वाढायची. त्यांना कोणी कजाग म्हटलं नाही. माझी आत्या विधवा झाली तेव्हा भावकीने दरवर्षी नांगरताना तिचा बांध थोडा थोडा कोरायला सुरुवात केली, ती एकटी बांधावर उभी राहून भांडली, मोजणी आणून दगड रोवून घेतले, ताट सोडा, तिने वाटीसुद्धा कधी कोणावर फेकली नव्हती. गावात ती आजही कजागच. मला तो शब्द तिच्यासाठी ऐकला की अजून त्रास होतो.

बायका मुळात जास्त रागीट असतात का, तर तसं दिसत नाही. जॉन आर्चर ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, त्यात राग येण्याच्या बाबतीत स्त्री-पुरुषांत फरक सापडला नाही. फरक होता तो राग बाहेर काढण्यात, अंगावर जाणं, मारणं हे पुरुषांत स्पष्टपणे जास्त, आणि तोंडी भांडणातही पुरुषच थोडे पुढे. मग भांडखोरपणाचा सगळ्यात बोचरा शब्द बाईच्या वाट्याला का? मला वाटतं, पुरुषाचं ओरडणं अपेक्षितच धरलेलं असतं म्हणून त्याला वेगळं नाव लागत नाही, बाईने गप्प बसावं असं गृहीत असतं, म्हणून ती बोलली की लगेच लक्षात येतं आणि जे लक्षात येतं त्याला भाषा नाव देते.

तर उत्तर एवढंच, कजाग सासरा शंभर टक्के बरोबर आहे, बिनधास्त लिहा, मूळ अर्थ बघितला तर तोच जास्त जवळचा. आणि माझ्या आत्यासारख्या बाईसाठी शब्द हवा असेल तर मी खमकी म्हणते.