चायनीज पातळ पॅनकेक कडक का होतात आणि आतलं पोर्क कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की पॅनकेक लाटताना आक्रसतात, भाजल्यावर पापडासारखे होतात आणि पोर्कला पाणी सुटून सगळं फाटतं. मी आणि नवरा २ वर्षं बीजिंगला होतो, तिथे खालच्या मजल्यावरच्या आयींनी मला हे शिकवलं (चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला म्हणतात, मला मात्र दरवेळी आईच ऐकू यायचं). त्यांच्याकडे हे छुनबिंग, म्हणजे वसंतातल्या पोळ्या. ४ फेब्रुवारीच्या आसपास लीछुन येतो, वसंताची सुरुवात, त्या दिवशी उत्तर चीनमध्ये घरोघरी हे खातात आणि त्याला वसंताचा चावा घेणं म्हणतात.

तुम्ही बहुतेक मैदा गार पाण्यात भिजवताय, सगळी गडबड तिथेच आहे. पाणी उकळतं हवं, नुसतं कोमट नाही. २५० ग्रॅम मैद्याला साधारण १५० ते १६० मिली. आपण मोदकाला उकड काढतो ना, तेच डोक्यात ठेवा, उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि मैद्याची ती रबरासारखी ओढ कमी होते, म्हणून पोळी लाटताना मागे येत नाही आणि गार झाली तरी मऊ राहते. आधी चॉपस्टिकने किंवा चमच्याने ढवळायचं, हात सोसेल इतकं झालं की ५-७ मिनिटं चांगलं मळायचं आणि झाकून अर्धा तास ठेवायचं. हा अर्धा तास कृपया वाचवू नका.

मग साधारण २५ ग्रॅमच्या १६ लाट्या करा. एक लाटी बोटांनी चपटी करून वरच्या बाजूला, अगदी कडेपर्यंत, तिळाचं तेल लावा, त्यावर दुसरी ठेवा आणि दोन्ही एकत्र लाटा, ६-७ इंच. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर एका बाजूने मिनिटभर, उलटली की फुगायला लागते, तांबूस ठिपके आले की लगेच काढा, जास्त ठेवली की कडक झालीच. आणि गरम असतानाच कडेला धरून दोन पदर वेगळे करायचे. एकीच्या दोन, आणि प्रत्येक इतकी पातळ की एकटी लाटून जमणार नाही! गुजराती लोकांची आमरसाबरोबरची बेपडी रोटली हुबेहूब अशीच करतात. सुटत नसतील तर तेल कडेपर्यंत पोचलं नाही असं समजा. सुटलेल्या पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवत जा.

आता पोर्क. अमेरिकेत या पोळ्यांबरोबर मूशू पोर्क देतात, अंडं आणि काळे मश्रूम घातलेलं, पण बीजिंगमध्ये ते भाताबरोबरच खाताना पाहिलं. पोळीत मला जिंगज्यांग रौस जास्त आवडतं, म्हणजे तियानमियेनज्यांग या आंबवलेल्या मैद्याच्या गोड सॉसमधल्या पोर्कच्या काड्या. ३०० ग्रॅम बिनहाडाचं, कमी चरबीचं पोर्क पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे सुरी नीट चालते, आणि काड्या मांसाच्या रेषेच्या दिशेने कापा. बीफ आडवं, पोर्क उभं अशी तिथे म्हणच आहे, कारण पोर्क मुळात मऊ असतं, आडवं कापलं तर कढईत तुकडे पडतात. त्याला १ चमचा सोया सॉस, १ मोठा चमचा शाओशिंग वाइन (स्वयंपाकात वापरतात ती चिनी तांदळाची वाइन), अर्ध्या अंड्याचा पांढरा आणि २ चमचे कॉर्नफ्लॉवर चोळून २० मिनिटं ठेवा.

कढई कडक तापवा, ३ मोठे चमचे तेल, पोर्क घालून मोकळं करत परता, रंग पूर्ण बदलला, आतही गुलाबी राहिलं नाही की बाहेर काढून घ्या. तुमचं पाणी सुटतंय ते थंड कढईत एकदम सगळं टाकल्यामुळे, घरगुती गॅसवर अर्धं-अर्धं करून दोनदा परता. मग त्याच तेलात मंद आचेवर ३ मोठे चमचे तियानमियेनज्यांग सॉस, थोडं पाणी आणि २ चमचे साखर, चकाकी येईपर्यंत हलवत राहा, हा सॉस पटकन करपतो आणि करपला की कडू होतो. पोर्क परत घाला, अर्धा मिनिट, झालं. भारतात हा सॉस शोधावा लागतो, नाही मिळाला तर होइसिन हा दुसरा गोडसर चिनी सॉस घ्या पण मग साखर नको. शेजवान सॉस अजिबात नको, त्याच्या लसूण-मिरचीत पोर्कची चवच जाते.

पातीच्या कांद्याचा पांढरा भाग उभा बारीक चिरून १० मिनिटं गार पाण्यात ठेवा, उग्रपणा जातो. मग निथळून पुसून घ्या, ओला राहिला तर पोळी फाटते. पोळीच्या मधोमध कांदा, वर पोर्क, खालची कड आत दुमडायची आणि बाजूने गुंडाळायचं. भरून ठेवू नका, आयींकडे ताटं मधे ठेवून प्रत्येक जण आपापलं भरून लगेच खायचा.

उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी तव्यावर नको, ५ मिनिटं वाफवा, पुन्हा पहिल्यासारख्या होतात.