ती गाय खरंच त्याच्या मागे फिरते का?

प्रश्न: परवा मुलांना घेऊन बस्टर कीटनचा ‘गो वेस्ट’ बघायला बसले, १९२५ चा मूकपट. त्यातली गाय हीरोच्या मागे मागे फिरते ती खरंच की कॅमेऱ्याची काही ट्रिक? आमच्या गोठ्यातली तर चार हाका मारल्या तरी जागची हलत नाही. आणि त्या काळी जनावरांकडून अशी कामं करून कशी घ्यायचे, मारून का?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर: ताई, ट्रिक नाहीये. त्या गायीचं नाव ब्राउन आइज आणि तिला शिकवलं खुद्द कीटनने, म्हणजे त्या हीरोनेच. तुमच्याकडे गोठा आहे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, गाय अशी कुणाच्याही मागे जात नाही, तिला माणसाची सवय व्हावी लागते. शूटिंग चालू असताना मध्येच ही बाई माजावर आली, मग काय, काम थांबलं, आणि एवढी शिकवलेली दुसरी गाय ऐनवेळी आणणार कुठून! हा किस्सा पुढे कीटननेच सांगितलाय.

मला ही जोडी फार म्हणजे फार आवडते. कीटन पडद्यावर हसत नाही आणि गायीचा चेहरा तर शांतच असतो, त्यामुळे दोघं शेजारी उभे राहिले की एकाच घरातले वाटतात. तो तिच्या खुरातला खडा काढतो, ती त्याला बैलापासून वाचवते, तिला शिंगं नाहीत म्हणून तो तिच्या डोक्याला हरणाची शिंगं बांधतो. आणि शेवटी मालक म्हणतो काय पाहिजे ते माग, हा म्हणतो ‘ती’, मालकाला वाटतं माझी मुलगी मागतोय, आणि याला हवी असते गाय! मी दर वेळी तिथे रडते.

बाकी मूकपटात एक मोठी सोय होती, आवाज रेकॉर्डच होत नव्हता, त्यामुळे ट्रेनर कॅमेऱ्याशेजारी उभा राहून खुशाल ओरडून सांगू शकायचा, बस, ऊठ, इकडे ये. रिन टिन टिन नावाचा कुत्रा तेव्हा मोठा स्टार होता, ली डंकन या अमेरिकन सैनिकाला १९१८ साली फ्रान्समध्ये तो पिल्लू असताना सापडला होता, त्याचंही काम असंच चालायचं. बोलपट आल्यावर हे बंद, मग हाताच्या खुणांवर भर द्यावा लागला.

मारण्याचं विचारलंत, तर सगळीकडे असं प्रेम नव्हतं हे खरंय. १९२५ च्याच ‘बेन-हर’च्या शूटिंगमध्ये कितीतरी घोडे मेले. जनावरांवर लक्ष ठेवायला सेटवर तेव्हा कुणीच नसायचं, १९३९ च्या एका सिनेमासाठी घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात पाडलं आणि तो मेला, त्यावर ओरड झाली तेव्हा कुठे १९४० पासून अमेरिकन ह्युमेन या संस्थेची माणसं हॉलिवूडच्या सेटवर जायला लागली. मला याचा अजून राग येतो.

मुलांना आता ‘द कॅमेरामन’ दाखवा, १९२८ चा, त्यातही कीटनच आहे पण सोबतीला जोसेफिन नावाची माकडीण. कीटन बुडणाऱ्या मुलीला वाचवत असतो आणि इकडे ही कॅमेऱ्याचं हँडल फिरवून सगळं शूट करत असते, श्रेय दुसराच लाटतो पण पुढे ती रीळ बघितल्यावरच खरं काय ते कळतं. हीच जोसेफिन आदल्या वर्षी हॅरॉल्ड लॉइड या दुसऱ्या विनोदी नटाच्या ‘द किड ब्रदर’मध्येही होती, तिथे तिच्या पायात बूट आहेत, ते कशासाठी ते मुलांनाच शोधू द्या.