वळणावरची खूण कशी निवडावी

तुझा मार्गाचा मसुदा पाहिला. ‘३०० मीटर सरळ, मग डावीकडे’ असं लिहिलं आहेस, पण चालणाऱ्याला ३०० मीटर कुठे संपले ते कळत नाही. त्याला खूण दे, आणि ती नेमकी वळणावरची दे. माणसं बहुतेक तिथेच चुकतात.

अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये शहराच्या मनातल्या नकाशाचे पाच घटक मांडले: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा. खूण ठरते ती आजूबाजूपेक्षा वेगळी दिसते म्हणून. उंच इमारतींच्या गर्दीत आणखी एक उंच इमारत काय कामाची? तिथे एखादं बुटकं, जुनं घर चटकन नजरेत भरतं. दूरचा मनोरा दिशा दाखवतो, पण कुठे वळायचं ते सांगत नाही.

निवडलेली खूण स्वतः चालत जाऊन, ज्या बाजूने लोक येणार त्याच बाजूने बघ. मी एकदा घड्याळाच्या मनोऱ्यावर भिस्त ठेवली होती. झाडांना पालवी फुटली आणि तो दिसेनासा झाला. रात्रीही एक फेरी मारच. दुकानाची पाटी कधीही बदलते. पूल, जिना, कारंजं जास्त टिकतं.

‘कारंज्याजवळ वळा’ असं मोघम नको. कारंज्याच्या आधी की पुढे? वळल्यावरही लगेच एक खूण ठेव, म्हणजे आपण बरोबर आलो याची खात्री पटते. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पायाखालची बदलणारी फरशी, चढ, पाण्याचा आवाज हेही आवर्जून नोंदव. ते मसुद्यात अजिबात नाही.