शॉर्टकटसाठी गेमिंग कीपॅड घ्यावा का, की पैसे पाण्यात?

तुम्ही विचारलंय की दिवसा ऐरोलीच्या ऑफिसात एक्सेल, रात्री घरी इन्डिझाइनची (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) बाहेरची कामं, तर गेम खेळणारी मुलं वापरतात तो डाव्या हाताचा कीपॅड घेण्यात अर्थ आहे का. एक्सेलसाठी नाही. इन्डिझाइनसाठी आहे, आणि चांगलाच आहे.

मी ठाण्यात, नौपाड्यात, घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी, करते. पुस्तकं, स्मरणिका आणि पावसाळ्यापासून दिवाळी अंक. माझा कीपॅड भाच्याचा. त्याची बारावी आली तेव्हा ताईने घणसोलीच्या घरातून गेमचं सगळं सामान हद्दपार केलं. "ने बाई, नाहीतर भंगारवाल्याला देते," म्हणाली. त्यात हा रेझर कंपनीचा टार्टारस नावाचा कीपॅड होता. तळहात टेकायला गादी, बोटांखाली बटणांच्या चार रांगा, एक चाक आणि अंगठ्याशी आठ दिशांना ढकलता येणारी गोल चकती. सगळं धरून ३२ ठिकाणी हवं ते काम नेमता येतं.

३२ बघून हुरळून जाऊ नका. मी पहिल्याच रात्री सगळी भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मी विसरले. मग टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवला आणि आठवडाभर, एकच गोष्ट परत परत केली की त्यापुढे रेघ मारायची, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. शनिवारी बघितलं तर मोजून नऊ गोष्टींपुढे रेघांचे गठ्ठे होते, बाकी सगळी किरकोळ. आजही माझी चौदाच बटणं भरलेली आहेत. मधल्या बोटाच्या बटणावर एक टिकली चिकटवलीय, म्हणजे न बघता बोट जागेवर येतं.

आता एक्सेलला नाही का म्हटलं ते सांगते. कीपॅडचा फायदा उजवा हात माऊसवर अडकलेला आणि डावा रिकामा असेल तेव्हाच. एक्सेलमध्ये (टॅलीत तर विचारूच नका) दोन्ही हात कीबोर्डवरच असतात. तिथून हात उचलून कीपॅडवर नेण्यात जाणारा वेळ वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त. त्यापेक्षा वरच्या क्विक ॲक्सेस टूलबारवर तुमच्या नेहमीच्या कमांड ओळीने लावून ठेवा, ऑल्टबरोबर १, २, ३ दाबलं की त्या चालतात. हे फुकटात होतं.

इन्डिझाइनची गोष्ट वेगळी. पॅराग्राफ स्टाइलला (परिच्छेदाचा फॉन्ट, आकार, समास असं सगळं एका नावाखाली ठरवून ठेवलेलं) शॉर्टकट द्यायचा तर विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट किंवा शिफ्टबरोबर नमपॅडवरचाच, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांच्या चौकटीतलाच, आकडा लागतो, आणि तिथलं नमलॉक बटण चालू लागतं. वरच्या रांगेतले आकडे चालत नाहीत. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर संपलंच. कीपॅडच्या बटणाला 'कंट्रोल आणि नमपॅडचा १' नेमला की सुटलात. माऊसने परिच्छेदावर क्लिक, डाव्या बोटाने स्टाइल, पुढचा परिच्छेद. तीनशे पानांच्या कादंबरीत संवाद, पत्रं, कवितेच्या ओळी अशा वेगळ्या करायच्या असतात तेव्हा हा फरक मनगटाला कळतो.

माझ्या मते खरी चैन मराठी अक्षरांची आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला तो झुपकेदार र दोन तऱ्हांनी टाइप होतो. कोणी नुक्त्याचा ऱ घेऊन पाय मोडतं, कोणी साधा र घेऊन पाय मोडतं आणि पुढे न दिसणारा जोडक टाकतं. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. तीच तऱ्हा ॲ ची. स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक यादी) २००८ साली आला. त्याआधी सगळे अ वर चंद्र देत, आणि बरेच जण अजून देतात. दिवाळी अंकात वीस लेखक म्हणजे वीस कीबोर्ड. मी दोन बटणं फक्त यासाठी ठेवलीत, एक ऱ् आणि एक ॲ. मुद्रितशोधकाच्या खुणा बघत चुकीचं अक्षर माऊसने निवडायचं, बटण दाबायचं. कीबोर्ड त्या क्षणी इंग्रजीवर असला तरी उमटतं मराठीच.

हे जमतं ऑटोहॉटकीमुळे. बटणांना हवं ते काम नेमून देणारं, विंडोजवर चालणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात अक्षराचा युनिकोड क्रमांक देता येतो (ऱ चा ०९३१), आणि समोर कोणती खिडकी उघडी आहे त्यावरून एकाच बटणाची कामं बदलता येतात. कीपॅडच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबलचक मॅक्रो (एका बटणावर ओळीने चालणारी बटणांची मालिका) नोंदवू नका, फाइल जड झाली की मधलं एखादं बटण गळतं. त्याऐवजी बटणांना एफ१३ ते एफ२४ द्या, आणि त्यांनी काय करायचं ते ऑटोहॉटकीत लिहा. आपल्या कीबोर्डवर गाडी एफ१२ ला थांबते, पण आयबीएमच्या जुन्या टर्मिनलांच्या कीबोर्डवर अशी एफची बटणं चोवीस होती आणि विंडोज ती अजून ओळखतं. सहसा कुठलं सॉफ्टवेअर ती वापरत नसल्यामुळे भांडण होत नाही. कीपॅडचं सॉफ्टवेअर मात्र "बटण दाबा" म्हणतं आणि एफ१३ दाबायला बटण असतंय कुठे! ऑटोहॉटकीत एक ओळ लिहून तात्पुरतं एखाद्या साध्या बटणालाच एफ१३ करायचं, नोंद झाली की ओळ पुसायची.

एक घोळ मीच घातलाय, तो सांगते. अख्ख्या फाइलमधले इंग्रजी आकडे मराठी करणारी स्क्रिप्ट मी हौसेने अंगठ्याच्या चकतीवर ठेवली होती. चहाचा कप घेताना अंगठा लागला असणार. फाइल तुर्भ्याला छपाईला गेली, अंक आला आणि एका जाहिरातदाराचा फोन. त्याच्या ईमेल पत्त्यात अक्षरं इंग्रजी आणि मधले तीन आकडे मराठी. त्या जाहिरातीचे पैसे अर्थातच माझ्याच बिलातून वजा झाले. तेव्हापासून अख्ख्या फाइलला हात लावणारं काहीही कीपॅडवर नाही. ते मेनूतून, माऊसने, आणि आधी एक प्रत ठेवून.

घेताना दोन-तीन गोष्टी बघा. काही जण सुचवतील की साधा यूएसबी नमपॅड घ्या, काम तेच. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर खरंच घ्या, त्याने सुरुवात करा. पण कीबोर्डला आधीच नमपॅड असेल तर ऑटोहॉटकीला दोन्ही सारखेच दिसतात, वेगळे ओळखायला आणखी एक ड्रायव्हर टाकावा लागतो. कंपनीच्या लॅपटॉपवर रेझरचं सॉफ्टवेअर टाकू देतील असं धरून चालू नका. तिथे न्यायचाच असेल तर व्हाया (VIA, बटणांची कामं नेमायचं सॉफ्टवेअर) वर चालणारा छोटा मॅक्रोपॅड, म्हणजे मोजक्या बटणांचा छोटा कीपॅड, बघा. त्याची मांडणी क्रोम ब्राउझरमधून करता येते आणि ती त्या पॅडच्याच पोटात राहते, लॅपटॉपला तो साधा कीबोर्ड वाटतो. तरी आयटीवाल्यांना विचारूनच लावा. आणि माऊस डाव्या हाताने धरत असाल तर टार्टारसच्या वाटेला जाऊ नका, तो घडलाच आहे डाव्या तळव्यासाठी.

मनगट दुखतंय म्हणून घेत असाल तर आधी खुर्चीची उंची बघा. माझं निम्मं दुखणं टेबल उंच असण्याचं निघालं.